पिंजऱ्यात वाढलेली गिधाडे

इ. स. २०२४ च्या जानेवारी महिन्यात हरियाणातील पिंजोर येथून दहा गिधाडे मोठ्या बंदोबस्ताने आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील बोटेझरी येथे आणण्यात आली. ही वार्ता वर्गात निघाली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गिधाडे आणावयाची कशाला? मढे पडले की ती आपोआप येतात ना?" प्रश्न मोठा मार्मिक होता. आमच्या बालपणी त्याचे उत्तर "होय" असेच आले असते. गावाबाहेर बैल मरून पडावा आणि थोड्याच वेळात आभाळातून एकामागून एक काळे ठिपके उतरू लागावेत, हे दृश्य इतके नित्याचे होते की मान वर करून त्याकडे कोणी पाहतही नसे. आज आमच्या शाळेतील बहुतेक मुलांनी गिधाड केवळ चित्रात पाहिले आहे. असे का झाले, आणि पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी रानात सोडून ही उणीव भरून निघेल काय, ह्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. पालकांनीही हा लेख वाचावा अशी आमची विनंती आहे. कारण ह्या कथेचा एक भाग अरण्यात घडत असला, तरी दुसरा त्यांच्याच गोठ्यात घडतो.

बोटेझरीस आणलेली गिधाडे पांढऱ्या पाठीच्या जातीची आहेत. ही जात एके काळी हिंदुस्थानात इतकी विपुल होती की मोठ्या शिकारी पक्ष्यांत तिच्याइतकी संख्या जगात क्वचितच दुसऱ्या कोणाची असेल. पुढे १९९२ ते २००७ ह्या अवघ्या पंधरा वर्षांत तिच्यातील दर हजार पक्ष्यांपैकी सुमारे एकच उरला. लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांचीही तीच गत झाली. तीही शेकडा ९५ हून अधिक नाहीशी झाली. दुष्काळ नाही, शिकार नाही, जंगलतोडीने एवढ्या थोड्या काळात असे होणेही शक्य नाही. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश हे पक्ष्यांचे निरीक्षण करीत असत. जी झाडे पूर्वी घरट्यांनी लगडलेली असत ती ओस पडू लागली आहेत, आणि उरलेली गिधाडे माना खाली टाकून फांद्यांवर सुस्त बसून राहतात, असे त्यांच्या ध्यानात आले. प्रथम सर्वांस वाटले की ही काही तरी साथ असावी.

कारण सापडले ते पाकिस्तानात. तेथील मेलेल्या गिधाडांची शवे उघडून पाहता लिंडसे ओक्स ह्या पशुवैद्यक शास्त्रज्ञास व त्यांच्या सहकाऱ्यांस आढळले की पुष्कळांच्या काळजावर व यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचलेला आहे. मूत्रपिंडे बंद पडली म्हणजे रक्तातील युरिक आम्ल बाहेर जाऊ शकत नाही, ते आतील अवयवांवर असे साचते. मग मूत्रपिंडे कशाने बंद पडली? ओक्स ह्यांनी जंतू शोधले, कीटकनाशके शोधली, शिसे शोधले, काही सापडेना. शेवटी त्यांनी विचार केला की ही गिधाडे खातात काय? गुरेढोरे. आणि गुरांस अलीकडे नवीन असे काय दिले जाते? ह्या साध्या प्रश्नाने उलगडा झाला. २००४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधाप्रमाणे अपराधी ठरले ते डायक्लोफेनॅक, म्हणजे आपण अंगदुखीवर घेतो तेच वेदनाशामक औषध. गुरांसाठी ते स्वस्त मिळू लागल्यापासून लंगडणाऱ्या बैलास, सुजलेल्या कासेच्या गाईस ते सर्रास टोचले जाऊ लागले होते. जनावर बरे झाले तर काही दिवसांत औषध शरीरातून निघून जाते. परंतु टोचल्यावर एक-दोन दिवसांत ते दगावले, तर मांसात औषध शिल्लक असते. आणि मनुष्यास व गाईस जे मानवते ते गिधाडाच्या मूत्रपिंडांस सोसत नाही. पोटभर खाऊन उडालेला पक्षी थोड्याच दिवसांत झाडावरून खाली पडतो.

येथे एक हिशेब विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. सर्वच गुरांच्या मढ्यांत हे औषध असले पाहिजे, तेव्हाच एवढा संहार होईल, असे कोणासही वाटेल. पण गणित करून पाहणाऱ्यांस असे आढळले की हजार मढ्यांपैकी एकापासून आठांपर्यंत मढी विषारी असली तरी एवढी घट होण्यास ती पुरेशी आहेत. कारण गिधाडे एकटी जेवत नाहीत. एका मढ्यावर पन्नास-शंभरांची पंगत बसते. शिवाय गिधाडीण वर्षास एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात; म्हणून झालेली हानी भरून काढण्याची त्यांची शक्ती फार थोडी. कोंबड्यांचा हिशेब येथे लागू पडत नाही.

गिधाडे गेल्याने कोणाचे काय बिघडले, असा प्रश्न आम्हांस अनेकदा ऐकावा लागतो. ज्या गावांत मढी पुरण्याची चाल नव्हती तेथे ती सडू लागली, कुत्र्यांची पैदास वाढली, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळरोगाचे भय वाढले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात, २००० ते २००५ ह्या काळात गिधाडांच्या अभावी भारतात सुमारे पाच लक्ष अधिक मनुष्ये मृत्यू पावली, असा अंदाज काढला आहे. मुंबईस डुंगरवाडीवर पारशी बांधवांस आपल्या प्रेतांच्या विधीसाठी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले, हे तर पुष्कळांस ठाऊक आहे.

असो. पिंजोरकडे वळू. हरियाणाचे वनखाते व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ह्यांनी २००१ साली तेथे आजारी गिधाडांच्या शुश्रूषेचे केंद्र उघडले. कारण कळल्यावर हेतू बदलला. रानात एकही पक्षी सुरक्षित नाही, तर काही पक्षी पकडून जपून ठेवावे, त्यांची वीण वाढवावी, आणि बाहेरचे विष ओसरल्यावर संतती रानात सोडावी, असा बेत ठरला. केंद्रास जटायूचे नाव दिले आहे. पुढे पश्चिम बंगालात राजाभातखावा, आसामात राणी व मध्यप्रदेशात भोपाळ येथेही अशीच केंद्रे निघाली.

पिंजऱ्यात गिधाडांची वीण करणे हे कबुतरे पाळण्यासारखे सोपे काम नव्हे. पहिली अडचण अशी की नर कोणता व मादी कोणती हे पाहून कळतच नाही. त्यासाठी रक्ताची परीक्षा करावी लागते. दुसरी अडचण जोडीची. गिधाडे आपला जोडीदार स्वतः निवडतात, आणि मनुष्याने लावून दिलेली जोडी त्यांस रुचेलच असे नाही. म्हणून पुष्कळ पक्षी एकत्र राहतील आणि पंख पसरून थोडे उडूही शकतील अशी मोठी जाळीची घरे बांधून, बसावयास दोरांनी गुंडाळलेले ओंडके व घरट्यांसाठी उंच फळ्या ठेवून, त्यांस त्यांच्या मर्जीवर सोडावे लागते. अंड्यावर आईबाप पाळीपाळीने सुमारे पन्नास-पंचावन्न दिवस बसतात. पिल्लू घरटे सोडण्यास आणखी साडेतीन-चार महिने जातात. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे पिंजऱ्यात वाढलेले पहिले पिल्लू पिंजोरास २००८ साली उडाले; म्हणजे पहिल्या यशासाठीच सात वर्षे थांबावे लागले. पुढे तेथील लोकांनी एक युक्ती साधली. जोडीचे पहिले अंडे हलकेच काढून यंत्रात उबवावयास ठेवले, तर काही जोड्या त्याच हंगामात दुसरे अंडे घालतात. अशा रीतीने एका वर्षात दोन पिल्ले मिळू शकतात.

खाद्याविषयीची त्यांची दक्षता आम्हांस फार उद्बोधक वाटली. गिधाडांस बकऱ्याचे मांस घालतात. पण विकत घेतलेले बकरे ताबडतोब कापीत नाहीत. त्यास कोणी औषध टोचले असेल तर ते शरीरातून निघून जावे म्हणून अनेक दिवस आपल्या आवारात राखतात. मनुष्याचा लळा लागू नये म्हणून पक्ष्यांजवळ माणसांचा वावर शक्य तेवढा कमी ठेवितात आणि दुरून यंत्राच्या डोळ्याने त्यांवर नजर ठेवितात. एवढे करून ह्या केंद्रांत आज शेकडो गिधाडे वाढली आहेत. पिंजऱ्यातील काम साधले, असे म्हणण्यास हरकत नाही. पिंजऱ्याबाहेरचे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी दुसऱ्या देशांतील दोन-तीन गोष्टी सांगतो. पहिली एका मिशनऱ्याची आहे, म्हणून ती आमच्या शाळेच्या अंकात शोभेल. फादर आर्मांद डेव्हिड हे फ्रेंच धर्मोपदेशक चीन देशात कार्य करीत असता, १८६५ साली त्यांनी पेकिंगच्या दक्षिणेस बादशहाच्या शिकारीच्या बागेच्या भिंतीवरून आत डोकावून पाहिले, तो एक अपूर्व जातीचे हरीण त्यांच्या दृष्टीस पडले. ते रानात कोठेच उरलेले नव्हते. त्या भिंतीच्या आत मात्र कळप होता. त्यांनी युरोपास कळविले, आणि काही हरिणे तिकडील प्राणिसंग्रहालयांत गेली. पुढे पुराने बागेची भिंत फुटून बाहेर पडलेली हरिणे भुकेल्या लोकांनी मारून खाल्ली, आणि १९०० च्या धामधुमीत उरलेलीही संपली. पण इंग्लंडात बेडफर्डच्या ड्यूकने वोबर्न येथे १८ हरिणे जमविली होती. त्यांची संतती १९८५ साली त्याच पेकिंगच्या बागेत परत गेली, आणि आज चीनमध्ये ती हजारोंनी आहेत. भिंतीवरून सहज टाकलेली एक दृष्टी एका जातीच्या जिवावर बेतलेले संकट टाळण्यास अशी कारण झाली.

दुसरी गोष्ट इतकी सुखाची नाही. अरबस्तानातील पांढरे ओरिक्स हरीण १९७२ साली रानातून नष्ट झाले. तत्पूर्वी काही हरिणे अमेरिकेत नेऊन वाढविली होती. त्यांचे वंशज १९८२ साली ओमानच्या वाळवंटात सोडले. चौदा वर्षांत कळप चारशेच्या वर गेला. मग श्रीमंतांच्या खासगी बागांसाठी जिवंत हरणे पकडून विकण्याचा धंदा सुरू झाला, आणि २००७ साली तेथे ६५ उरली. युनेस्कोने ते अभयारण्य जागतिक वारशाच्या यादीतूनच काढून टाकले. वीण उत्तम झाली होती. पण हरणास मारणारे हात होते तेथेच होते.

कॅलिफोर्नियातील काँडर हा आमच्या गिधाडांचा व्यवसायबंधू. १९८७ साली जगात उरलेले सर्व २७ काँडर पिंजऱ्यात घेतले, १९९२ पासून त्यांची पिल्ले रानात सोडू लागले. शिकाऱ्यांच्या गोळ्यांतील शिसे मृत जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जाते, आणि म्हणून सोडलेले पक्षी पुन्हा पुन्हा पकडून, रक्त तपासून, औषध देऊन सोडावे लागतात. अशा पक्ष्यास रानटी म्हणावे की रुग्णालयातून सुट्टीवर गेलेला म्हणावे, हे आम्हांस नेमके सांगता येत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांस नोहाच्या तारवाची कथा पाठ आहे. प्राणी तारवात घेणे हा तिचा प्रसिद्ध भाग. परंतु नोहा तारवाचे दार उघडण्यापूर्वी किती थांबला, ह्याकडे थोड्यांचे लक्ष जाते. त्याने कबुतर सोडले, ते परत आले. पुन्हा सोडले, ते जैतुनाचे पान घेऊन आले. तिसऱ्यांदा परतलेच नाही, तेव्हा जमीन कोरडी झाल्याचे त्यास कळले. बोटेझरीची दहा गिधाडे ही आमच्या मते तशीच कबुतरे आहेत.

तेथे त्यांस आणल्यावर लागलीच सोडले नाही. जंगलात उभारलेल्या मोठ्या जाळीच्या घरात ती कित्येक महिने राहिली, म्हणजे येथील ऊन, वारा, डोंगर व आवाज ह्यांची त्यांस सवय झाली. मग पाठीवर उपग्रहाशी बोलणारी लहान यंत्रे बांधून त्याच वर्षाच्या पावसाळ्यात दारे उघडली. त्या यंत्राने पक्षी रोज कोठे आहे ते कळते, आणि तो हालेनासा झाला तर लोक त्वरित तेथे पोहोचून, मेलेला असल्यास शव ताजे असतानाच तपासू शकतात. म्हणजे प्रत्येक पक्षी हा आमच्या मुलखातील मढ्यांचा परीक्षक झाला. त्यांपैकी एक पक्षी तर आश्चर्यकारक भटकला. महाराष्ट्र, छत्तीसगड, गुजरात, कर्नाटक असा सुमारे ४००० किलोमीटर हिंडून तो तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात पोहोचला. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्यास उडणे कोण शिकविणार, अशी शंका घेणाऱ्यांस त्याने परस्पर उत्तर दिले. मात्र तेथेच विजेच्या तारेस लागून तो मेला. विष नव्हे, तार! पिंजऱ्यातील पक्ष्यास ज्या ज्या गोष्टींची ओळख नसते त्यांची यादी आम्ही समजतो त्याहून लांब आहे.

येथे पालकांपैकी कोणी विचारतील की गिधाडांप्रमाणे वाघही पिंजऱ्यात वाढवून सोडणार की काय? ह्या प्रश्नामागील भीती आम्ही जाणतो. नागभीड तालुका ब्रह्मपुरी वनविभागात येतो, आणि मोहफुले किंवा तेंदूपाने वेचावयास गेलेले माणूस परत न येण्याचे दुःख ह्या भागातील गावांनी भोगले आहे. गिधाड मेलेलेच खाते; मढे दिसले म्हणजे पुढचे त्यास शिकवावे लागत नाही. वाघाच्या बच्च्यास आई दीड-दोन वर्षे शिकार शिकविते. माणसाच्या हातचे खाऊन वाढलेल्या वाघास शिकार साधत नाही आणि माणसाचे भयही राहत नाही. असा वाघ रानात सोडणे म्हणजे गावात सोडणे. म्हणून ज्या अरण्यात वाघ उणे आहेत तेथे रानातलेच वाघ नेतात. २०२३ च्या मे महिन्यात आमच्याच ब्रह्मपुरीच्या रानातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यास नेऊन सोडल्या, त्या ह्याच न्यायाने. पिंजऱ्यातील वीण हा उपाय सर्व प्राण्यांस सारखा लागू पडत नाही, आणि जेथे रानातील वंश शिल्लक आहे तेथे तो वापरण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे.

आता गोठ्याकडे येऊ. गिधाडे सोडण्याच्या ठिकाणाभोवती सुमारे शंभर किलोमीटरांचे वर्तुळ निर्विष असावे, असा शास्त्रज्ञांचा दंडक आहे. बोटेझरी मध्य धरून नकाशावर कंपास फिरविला, तर त्यात सिंदेवाही, मूल, चिमूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली, वडसा आणि आमचे नागभीड ही सर्व गावे येतात. कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. गुरांसाठी डायक्लोफेनॅक तयार करण्यास २००६ साली बंदी झाली. तरीही माणसांसाठी म्हणून निघणाऱ्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात. म्हणून २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरत्या कुपीतच विकावे असा नियम झाला. बैलास पुरेल इतके औषध घेण्यास अशा कित्येक कुप्या फोडाव्या लागतात, तेव्हा तो उद्योग परवडत नाही. औषधांच्या एका कंपनीने ह्या नियमास न्यायालयात आव्हान दिले होते. २०१७ साली मद्रास उच्च न्यायालयाने नियम कायम केला. पुढे असे दिसले की केटोप्रोफेन तितकेच घातक आहे, आणि ॲसिक्लोफेनॅक गाईच्या शरीरात शिरून डायक्लोफेनॅकच बनते, म्हणजे चोराने वेष पालटावा तसे. ह्या दोहोंवर २०२३ साली, व त्यानंतर निमेसुलाइडवरही, गुरांपुरती बंदी आली.

परंतु बंदी कागदावर असते आणि सुई कोणाच्या तरी हातात. रात्री अकरा वाजता बैल लोळू लागला, पशुवैद्यक तालुक्यास, पेरणी तोंडावर, अशा वेळी जवळच्या माणसाने जे टोचले ते टोचले. त्या शेतकऱ्यास दोष देण्याचे आमचे धैर्य होत नाही. त्याचा बैल हाच त्याचा संसार आहे. तेव्हा सांगणे एवढेच की दुःख न थांबविता गिधाड वाचवा असे कोणी म्हणत नाही. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांची सूज व वेदना तितकीच उतरविते आणि ते गिधाडांस बाधत नाही, हे पूर्ण सिद्ध झालेले आहे. टोल्फेनॅमिक ॲसिड हेही निर्धोक ठरले आहे. आमच्या विद्यार्थ्यांस कुपीवरील नाव वाचता येते. घरी जनावर आजारी असता औषध टोचण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून दाखविणे, आणि टोचून दोन-तीन दिवसांत जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल पुरावयास सांगणे, एवढे काम दहावीच्या मुलासही जमेल.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात वनखात्याने तपासलेली निर्विष मढी ठराविक जागी टाकून गिधाडांस खावयास घालण्याची व्यवस्था केली होती. त्या जागांस 'गिधाडांची उपाहारगृहे' असे नाव पडले; नाव ऐकून हसू येते, पण बिल चुकते करण्याची पद्धत चांगली आहे, कारण मढ्याची खबर देणाऱ्यास गावात काही मोबदला मिळे. दोन्ही जिल्ह्यांत अशा जागा जितक्या वाढतील तितके बरे.

आता शेवटी ओळखण्याची खूण. घोडाझरीच्या तलावावर सहलीस गेला असता मुलांनी आभाळाकडे अवश्य पाहावे. घिरट्या घालणारा पक्षी लहान असून त्याचे शेपूट मध्ये दुभंगलेले असेल तर ती घार. गिधाडाचे पंख पसरले म्हणजे दोन मीटरांहून अधिक भरतात. शेपूट आखूड, मान आत ओढलेली, आणि पंख न हालविता ते बराच वेळ तरंगत राहते. पूर्ण वाढलेल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचे पंख खालून पाहता पुढील अर्ध्या भागात पांढरे व मागे काळे दिसतात, आणि ते वळले म्हणजे पाठीवर पांढरा पट्टा चमकतो. कोवळ्या पक्ष्यांत मात्र हा पांढरेपणा नसतो, ते सर्वांगी तपकिरी असतात. दिसल्यास दिनांक, वेळ व ठिकाण लिहून वनपरिक्षेत्राच्या कार्यालयात द्यावे. मेलेला पक्षी आढळल्यास त्यास हात न लावता त्याच दिवशी कळवावे. उशीर झाला आणि शव सडले, की मग मूत्रपिंडांची परीक्षा होऊ शकत नाही.